कॉम्प्युटरचा भाता

जगातली कोणतीही वस्तू आज ज्या आवाजात बोलते त्यापेक्षा बऱ्या आवाजात बोलू शकते, आणि तिला तसं बोलायला लावणं हे आपलंच काम आहे, असा ठाम विश्वास असलेला एकच माणूस मला आयुष्यात भेटला. तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. लोक वस्तूचा रंग बघतात, वजन बघतात, मामाजी वस्तूवर टिचकी मारत. टरबूज, तांब्या, दार, खुर्ची, नवा कोट घातलेल्या माणसाची पाठ, जे हाताशी येईल त्यावर मधल्या बोटाने टक् करायचं, मान तिरपी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. लग्न ठरवायला मुलीकडची मंडळी आमच्या घरी आली, तेव्हा माझ्या वडिलांनी माझी बी.एस्सी.ची पदवी काचेच्या फ्रेमीत घालून पंख्यासमोरच्या भिंतीवर टांगली होती. आमच्या घरात शिकून कागद मिळवलेला पहिला माणूस मी. तेव्हा तो कागद सगळ्यांना दिसलाच पाहिजे, असं वडिलांचं म्हणणं, आणि खोटं कशाला बोलू, माझंही. मंडळींनी पदवी वाचली, माना डोलावल्या. मामाजींनी पदवीवर टिचकी मारली. "काच ढिली आहे जी," ते वडिलांना म्हणाले, "पंखा लावला का पदवी वाजत असंन." खिशातल्या पेनाशेजारी त्यांचा लहानसा पेचकस कायम असे. तो काढून त्यांनी मागचे दोन स्क्रू कसले, पुन्हा टिचकी मारली आणि म्हणाले, "आता नाई बोलणार. पोरगं पसंत आहे." मला राग आला होता. पण त्या दिवसापासून, रोज दुपारी पंखा लावल्यावर भिंतीवर जी पाल चुकचुकते असं आम्ही दोन वर्षं समजत होतो, ती पाल कायमची गेली.

मामाजी कामठीला राहत. तीस वर्षं त्यांनी टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात घालवली होती. खांबाला कान लावला की तार कुठे दुखते ते खांबच सांगतो, असा त्यांचा दावा होता. असल्या कानांची ते निगाही तशीच राखत. बाजारात जाताना दोन्ही कानांत कापूस घालत. का, विचारलं तर म्हणत, "बाजारात कान उष्टे होतात जी. मंग घरी येऊन चांगलं काय ऐकणार?" त्यामुळे भाजीवाल्यांशी त्यांचा व्यवहार खुणांनी चाले आणि पाव किलोच्या जागी ते बऱ्याचदा पाच किलो वांगी घेऊन घरी येत. घरातल्या कुकरची शिट्टी त्यांना कर्कश वाटली, म्हणून त्यांनी ती कानशीने घासून घासून इतकी गोड केली की ती स्वयंपाकघराच्या बाहेर ऐकूच येईना. मामी म्हणायच्या, "कुकर गाऊन राह्यला अन् भात जळून राह्यला." आमच्या घराचं दार करकरायचं, तर त्यांनी बिजागरीला तेल घातलं, पण अर्धंच. बायको म्हणाली, "मामा, पुरं घाला ना." तर म्हणाले, "काहून वं? पाहुणा आला का दारानं सांगाले पाहिजे. फक्त बोंबलत सांगू नये, एवढंच."

त्यांचं खरं प्रेम मात्र माठांवर. त्या काळी आमच्याकडे पुष्कळ लोक रेडिओचा स्पीकर माठाच्या तोंडावर बसवत, आवाज घुमतो म्हणून. पण मामाजी माठ निवडायला लागले की कुंभार कपाळाला हात लावायचा. पन्नास माठ वाजवून ते एक घेत. "काकाजी," तो कुंभार एकदा वैतागून म्हणाला, "तुमाले पाणी भराचं आहे का पोरगी पाहाची आहे?" मामाजी शांतपणे म्हणाले, "पोरगी एकदाच पाहून चालते. माठ तीनदा पाहा लागते."

या माणसाला जगात एकच सोबती होता, तो म्हणजे मास्तर. शाळेशी मास्तरांचा काही संबंध नव्हता. ते यंत्रमागावर काम करत आणि संध्याकाळी कामठीच्या बुद्धविहारातल्या गायन पार्टीत पेटी वाजवत, म्हणून मास्तर. मामाजी त्याच पार्टीचा माइक सांभाळत आणि कोरसमध्ये शेवटच्या रांगेतून गात. बुद्धपौर्णिमेसाठी मास्तरांनी स्वतः एक चाल बांधली होती, आणि तिच्यात एक गंमत होती. प्रत्येक ओळीचा तिसरा स्वर ते जरा उशिरा दाबायचे. धोटा मागाच्या त्या टोकाला जाऊन परत येईपर्यंत जेवढा वेळ लागतो, तेवढाच उशीर. तो उशीर आला की विहारातल्या म्हाताऱ्या बायकांच्या मानाही तेवढाच वेळ थांबायच्या आणि मग डुलायच्या. मग एका उन्हाळ्यात मास्तरांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. महिन्याभराने पाय थोडा परत आला, जीभ थोडी परत आली, हात आला नाही. मामाजी दवाखान्यात त्यांच्या खाटेशी बसून म्हणाले, "पुढच्या पौर्णिमेले तूच वाजवशील गा. मी सांगतो ना." घरी आल्यावर त्यांनी पेटी पोत्यात बांधायला लावली, खाटेखाली सरकवली, आणि तेव्हापासून ते विहारात आले तरी मागे भिंतीशी बसत आणि गाणं सुरू होण्याआधी उठून जात. मामाजींनी दिलेला शब्द तसाच राहिला. टिचकी मारून नीट करता येत नाही अशी ही पहिलीच वस्तू त्यांच्या वाट्याला आली होती.

अशा वेळी माझ्या बायकोने जेवता जेवता त्यांना सांगितलं, "मामा, यांच्या क्लासमधला कॉम्प्युटर आपोआप पेटी वाजवते म्हणे."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी सीताबर्डीवर एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जावं लागे, खोली थंडगार ठेवलेली असे आणि आत लोक हळू बोलत. आमच्या मालकांच्या भावाने सिंगापूरहून एक कीबोर्ड पाठवला होता, पेटीच्या पट्ट्यांचाच पण लांब, आणि मिडी नावाची तार. ती तार कॉम्प्युटरला जोडली की कॉम्प्युटर तो कीबोर्ड वाजवायचा. पट्ट्यांना कोणी हात न लावता. मालकांनी दोन गाणी वाजवली, पाहुण्यांच्या टाळ्या घेतल्या आणि कंटाळून ते सगळं मागच्या टेबलावर सोडून दिलं. रविवारी क्लासची किल्ली माझ्याकडे असे. पुढच्याच रविवारी सकाळी आठ वाजता मामाजी कामठीच्या ऑटोतून उतरून माझ्या दारात उभे होते. हातात मास्तरांच्या जुन्या वाजवण्याची कॅसेट, कानात कापूस, आणि डोळे असे की जणू खांबाच्या टोकावरून त्यांना गावाच्या पलीकडचं काही दिसलं होतं. "जवाईबापू," ते म्हणाले, "चाला. मास्तराले हात सापडला."

दोन रविवार गेले मास्तरांची चाल कॉम्प्युटरात घालण्यात. मामाजी कॅसेट ऐकून सा रे ग सांगायचे, मी पडद्यावर एकेक स्वर टाइप करायचो. साडेचारशेच्या वर स्वर भरले. मग मी कळ दाबली. कीबोर्डमधून चाल वाजू लागली, एकही स्वर न चुकता. माझी छाती फुगली. मामाजींनी मान तिरपी केली. कीबोर्डवर टिचकी मारली, टेबलावर मारली, मी हो-नाही म्हणेपर्यंत कॉम्प्युटरच्या डोक्यावरही मारली.

"आत डास आहे," ते म्हणाले.

"मामाजी, ती पेटी आहे."

"तं मंग पेटीत डास आहे."

तिथून पुढे जे सुरू झालं त्याला मी आजही एक मोहीम म्हणतो. मामाजींनी ठरवलं की आवाज बाहेर येताना बिघडतो. पुढच्या रविवारी ते कामठीहून दोन माठ घेऊन बसने आले. कंडक्टरने विचारलं, यांत काय आहे, तर म्हणाले, "अजून काई नाई, पण येईन." माठांच्या तोंडांवर स्पीकर बसले. आवाज मोठा झाला, पण मोठा डास. मग त्यांचं म्हणणं पडलं की खोलीच्या भिंती उत्तर देतात. मामींच्या, माझ्या बायकोच्या आणि शेजारणीच्या मिळून अकरा गोधड्या आम्ही क्लासच्या भिंतींवर टांगल्या. नेमके त्या रविवारी मालक विसरलेला चष्मा न्यायला आले. दारात उभे राहून त्यांनी चहूकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "हा क्लास आहे की लॉज?" मी घाम पुसत उभा. मामाजींनी मात्र त्यांचा हात धरून त्यांना आत आणलं, दोन माठांच्या मधोमध स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या मशीनचा गळा खराब आहे. काळजी नका करू. मी आहे ना." मालकांना काय वाटलं कोण जाणे, ते अर्धा तास बसले, चहा मागवला आणि जाताना एक गोधडी सरळ करून गेले.

सहा रविवार आम्ही तारा बदलल्या, सोल्डर पुन्हा मारलं, माठांत कापूस घातला, काढला, भुसा घातला, काढला. आवाज खोल झाला, गोल झाला, स्वच्छ झाला, आणि तरी मेलेला. "मुडद्याले कोट शिवून राह्यलो आपण," मामाजी म्हणाले आणि पहिल्यांदा खाली बसले. तेव्हा मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. यंत्राबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मालकांच्या कपाटात होतं. ते मागायची मला लाज वाटत होती. आपण पदवीधर, आपल्याला हे येतच असणार, असं सगळे धरून चालत आणि मीही तसं भासवत असे. सोमवारी ते पुस्तक मागून घरी आणलं, शब्दकोश घेऊन तीन दिवस वाचलं आणि रविवारी मामाजींना कबुलीजबाब दिला. "मामाजी, त्या तारेतून आवाज जातच नाही. चिठ्ठ्या जातात. कॉम्प्युटर कीबोर्डला लिहून कळवतो, आता ही पट्टी दाब, इतक्या जोरात दाब, आता सोड. आवाज कीबोर्ड काढतो. आणि मी प्रत्येक चिठ्ठीत जोर एकसारखाच लिहिला आहे. चौसष्ट."

मला वाटलं मामाजी आता चिडतील. ते टुणकन उठले. "म्हणजे जवाईबापू," ते जवळजवळ ओरडले, "सहा रविवार आपण पोस्टमनले आंघोळ घालून राह्यलो, अन् चिठ्ठीत मजकूरच नाई!" आणि दोन्ही माठांवर एकदम टिचक्या मारून ते इतके हसले की खालच्या पानवाल्याने वर येऊन काय झालं ते विचारलं.

मग खरा मजकूर लिहायला घेतला. कॅसेटवर मास्तर एकेक ओळ वाजवत आणि मामाजी डोळे मिटून सांगत, "हा हळू. हा त्याहून हळू. हा अस्सा दाबला, जसा जावयाले पाट देते. अन् हा तिसरा, हा उशिरा. अजून. अजून. बस, धोटा आला." जोराचा आकडा एकपासून एकशे सत्तावीसपर्यंत कुठलाही चाले. मामाजींना पंचेचाळीस आणि सत्तेचाळीस यांतला फरक ऐकू येई, आणि पहिल्यांदा हसलेल्या मला पुढे पुढे तो ऐकू यायला लागला. शाळेत, कॉलेजात माझ्या वह्यांमधल्या चुका खोडण्यात माझी पंधरा वर्षं गेली होती. इथे मी एका बिनचूक यंत्रात एका माणसाच्या चुका मोजून मोजून भरत होतो, आणि अशी मजा मला कुठल्याच परीक्षेत आली नव्हती. कीबोर्डमध्ये शंभर वाद्यांचे आवाज होते. पेटीचा नव्हता. पुस्तक वाचून मी दोन जवळचे आवाज एकावर एक ठेवले. मामाजी म्हणाले, "लय सज्जन झाले दोघंही. एक जरासा बेसूर करा. मास्तराच्या पेटीत एक सूर नेहमी तोंड वाकडं करते." एक आवाज केसभर उतरवला आणि काय सांगू, खोलीत पेटी येऊन बसली! मामाजींनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. मालकही आता दर रविवारी चष्मा विसरू लागले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. एप्रिल अर्धा झाला होता. पौर्णिमा तीन आठवड्यांवर होती.

मास्तरांना आम्ही ऑटोने क्लासमध्ये आणलं. जिना मामाजींनी खांद्याचा आधार देऊन चढवला. उंच, सुकलेले, उजवा हात मांडीवर ठेवलेले मास्तर दोन माठांच्या मधोमध बसले. मामाजी एखाद्या नवऱ्या मुलासारखे नटून आले होते. "ऐक गा," ते म्हणाले आणि मला खूण केली. चाल सुरू झाली. तिसरा स्वर उशिरा आला. मास्तरांची मान थांबली, आणि मला वाटलं आता डुलेल. ती डुलली नाही. चाल संपली. मामाजी पुढे वाकले. "काय गा मास्तर?"

मास्तर पट्ट्यांकडे वाकले. मग त्यांच्या जड जिभेने एकेक शब्द काढला. "भाता कोण मारून राह्यलं?"

"भाता? भाता नाई लागत याले. मशीन आहे ना. बटन दाबलं का पुरी चाल."

"हं," मास्तर म्हणाले. "मंग माही काय गरज?" त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून धरला. "मले हे दाखवाले आणलं का लेका? का तुह्याबिगर जमते म्हणून?"

ते जिना उतरले तेव्हा मामाजींचा खांदाही त्यांनी घेतला नाही. कठड्याला धरून उतरले.

त्यानंतर मामाजी दोन रविवार आले नाहीत. मी कामठीला गेलो तर ते अंगणात बसले होते, समोर माठ आणि हात मांडीवर. टिचकी नाही. मामी म्हणाल्या, "तीन दिवस झाले, कुकरची शिट्टी ऐकून हे काईच बोलले नाई. मले भेव लागते." मीही शेजारी बसलो. मास्तर मागे राहिले आणि त्यांची जागा आम्ही इतकी सुंदर भरून काढली की त्यांना उभं राहायलाही जागा उरली नाही, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. मामाजी म्हणाले, "जवाईबापू, पेटी वाजवताना उजव्या हातानं काय करते माणूस?"

"पट्ट्या दाबतो."

"अन् डाव्यानं?"

"भाता मारतो."

"मास्तराचा कोणता हात गेला?" मी उत्तर देण्याआधीच ते उभे राहिले होते. उभे राहताना त्यांनी माठावर टिचकी मारली. "गाढव आहो आपण! उजवा हात मशीननं द्यावा. डावा मास्तरापाशी आहेच ना!"

पुढचे आठ दिवस मला नीट आठवतही नाहीत, इतकी धावपळ झाली. पेटीतली हवेची गळती काढून देतो असं मास्तरांच्या बायकोला सांगून मामाजी त्यांच्या खाटेखालची पेटी घेऊन आले आणि गळती जशीच्या तशी ठेवली. कीबोर्डला मागे एक भोक होतं, पायाने आवाज कमीजास्त करायच्या पेडलसाठी. पेडल आमच्याकडे नव्हतं. मामाजींनी एका जुन्या रेडिओची आवाज कमीजास्त करायची फिरती खुंटी काढून त्या भोकाच्या तारेला जोडली आणि रेडिओचा काटा ज्या दोऱ्याने सरकतो तो दोरा त्या खुंटीला गुंडाळून दुसरं टोक पेटीच्या आतल्या भात्याला बांधलं. बाहेरचा भाता मारला की आतला भाता फुगायचा, दोरा खेचला जायचा, आवाज वाढायचा. हात थांबला की गळक्या पेटीतली हवा निघून जायची आणि आवाज विरून जायचा, थेट शून्यापर्यंत. "आता चिठ्ठीतला जोर खोडा," मामाजी मला म्हणाले. मी दोन महिने एकेक करून भरलेले साडेचारशे आकडे! "सगळे?" "सगळे. उशीर राहू द्या, थो त्याच्या बोटांचा आहे. जोर त्याचा त्याले देऊ द्या." मी पुन्हा सगळीकडे चौसष्ट लिहिले. लिहिताना हात जड झाला होता, हे मान्य करतो.

पौर्णिमेच्या सकाळी कॉम्प्युटर, कीबोर्ड आणि दोन्ही माठ गोधड्यांत गुंडाळून ऑटोने कामठीला निघाले. मालक कॉम्प्युटरचा पडदा मांडीवर घेऊन पुढे बसले होते आणि दर खड्ड्याला "सांभाळून गा!" म्हणत होते. मे महिना, सात वाजताच ऊन भाजत होतं. विहारात कूलर होता, पण मामाजींनी तो बंद करायला लावला, कारण त्याचा आवाज त्यांना पसंत नव्हता. कॉम्प्युटरच्या तीन बाजूंनी ओले वाळ्याचे पडदे टांगले. वंदना झाली. मास्तर मागे भिंतीशी बसले होते. ते उठायच्या आत मामाजी पेटी घेऊन त्यांच्यासमोर गेले आणि ती त्यांच्या डाव्या हाताशी ठेवून परत आले. मागे पेटीपासून पुढे कीबोर्डपर्यंत एक लांब तार सतरंजीवरून गेली होती. मास्तरांनी तार पाहिली, पेटीतला दोरा पाहिला, आणि तोंड फिरवलं. मामाजींनी मला खूण केली. मी कळ दाबली.

पडद्यावर आकडे धावू लागले. आवाज नाही. पहिली ओळ गेली. लोक माना उंचावून बघू लागले. बायकांत कोणीतरी म्हणालं, "बंद पडलं वाटते वं." दुसरी ओळ गेली. मालक उठून उभे राहिले, "तार बघा, तार!" माझाही हात तारेकडे गेला, तर मामाजींनी माझं मनगट धरलं. "हात नका लावू," ते कुजबुजले. "मशीन चालू आहे. मास्तर बंद आहे."

तिसरी ओळ गेली, चौथी गेली. मास्तर लांबून पडद्यावरचे आकडे बघत होते. त्यांना आकडे वाचता येत होते की नाही मला ठाऊक नाही, पण चाल कुठे पोचली ते त्यांना कळत होतं. कारण पाचव्या ओळीच्या तिसऱ्या स्वराला त्यांची मान थांबली. आवाज नसतानाही थांबली. मग डावा हात उठला, भात्यावर गेला आणि एकदा दाबला. दोन्ही माठांतून एक स्वर उमलला, विहारभर गेला, आणि विरायच्या आत दुसऱ्यांदा भाता आला. मग मास्तर थांबले नाहीत. जिथे शब्दांना जोर हवा तिथे ते भाता भरून मारत, ओळीच्या शेवटी हात सोडून देत आणि स्वर दम टाकल्यासारखा खाली बसे. मी भरलेल्या साडेचारशे आकड्यांत असं एकदाही झालं नव्हतं. म्हाताऱ्या बायकांनी गायला सुरुवात केली, मग सगळ्यांनी. मालक उभ्याउभ्याच गात होते, त्यांना शब्द येत नव्हते तरी. मामाजी गात नव्हते. त्यांनी कानातला कापूस काढून मुठीत धरला होता.

चाल संपली, आकडे थांबले, तरी मास्तरांचा हात आणखी दोनदा चालला. नुसत्या हवेचा आवाज. मामाजी मागे जाऊन त्यांच्याशेजारी भिंतीला टेकून बसले आणि त्यांच्या पाठीवर टिचकी मारली. मान तिरपी करून ऐकलं. "बरोबर बोलून राह्यला," ते म्हणाले.

मास्तर म्हणाले, "दुसऱ्या कडव्याले मशीन घाई करते. मले विचाराचं होतं ना लेका."

"मंग ये ना रविवारी."

मास्तर पुढे कितीतरी रविवार आले. जिना मामाजींच्या खांद्यावर चढत.

आता ते दोघेही नाहीत. मालकांनी तो क्लास केव्हाच बंद केला. आजच्या कॉम्प्युटरात सतार, सनई, आख्खा बँड आयता असतो, आणि आवाज इतका सुरेख की त्यात माझ्यासारख्याने करण्यासारखं काही उरलेलं नाही. माझी नात तो मला मोठ्या कौतुकाने ऐकवते. मी छान म्हणतो, आणि ती गेली की हळूच त्या यंत्रावर टिचकी मारून पाहतो. आमचं दार अजून जरासंच करकरतं. भिंतीवर माझी पदवी आहे, आणि तिची काच पुन्हा ढिली झाली आहे. दुपारी पंखा लावला की ती वाजते. बायको म्हणते, "अवो, दोन स्क्रू तं आहेत, कसून टाका ना." पेचकस माझ्या खिशातच असतो, पेनाशेजारी, मामाजींचाच. मी तिला उद्या कसतो म्हणतो, पंखा जरा वाढवतो, आणि मान तिरपी करून ऐकत बसतो.